पंचांचा निर्णय अंतिम राहील

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "अमेरिकेबद्दल बोल, पण व्हिसा, ग्रीन कार्ड आणि बर्फ, हे तीन विषय नकोत." म्हणजे बरंचसं भाषण तिथेच संपलं. उरलं ते सांगतो. दिवसा मी एका औषध कंपनीत संगणकाचं काम करतो. डिसेंबर ते मार्च या काळात मात्र आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून न्यू जर्सीतल्या हायस्कुलांच्या बास्केटबॉल सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. आमचा हंगाम नुकताच सुरू झालाय. पहिले दोन आठवडे सुट्टी टाकून इथे आलोय, त्यामुळे तिकडे माझ्या नावाने थोडी कुरकुर चालू असणार.

आपल्याकडे कुठल्याही स्पर्धेचं पत्रक घ्या. कबड्डीचं घ्या, भजनाचं घ्या, रांगोळीचं घ्या. प्रवेश फी, बक्षिसांच्या रकमा, देणगीदारांची नावं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.' ही ओळ मी आयुष्यभर वाचत आलो आणि कधीच वाचली नाही. गेल्या मार्चमध्ये, म्हणजे २०२४ च्या, आमच्या राज्यात असं काही घडलं की या ओळीवरून आमच्या घरात तीन आठवडे वाद चालला. त्याबद्दल बोलणार आहे.

आधी मी या फंदात पडलो कसा ते. मुलगी सातवीत असताना तिच्या टीमच्या सामन्याला पंचच आले नाहीत आणि सामना रद्द झाला. पोरी अर्धा तास नुसत्या बोर्डवर चेंडू मारत बसल्या आणि घरी गेल्या. मी चौकशी केली तर कळलं, पंच मिळत नाहीत. म्हणून मी वर्ग लावला. हो, त्याचा रीतसर वर्ग असतो. लेखी परीक्षा असते, मग मैदानावरची परीक्षा. पास झालात की आधी नववीच्या मुलांचे सामने, मग ज्युनिअर टीमचे, आणि काही वर्षं काढल्यावर मुख्य टीमचे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर बसून नियम पाठ केले. आपल्या गणिताच्या सरांना हे ऐकून बरं वाटेल.

त्या नियमांत गमतीजमतीही आहेत. तिथल्या हायस्कूलच्या मुलांच्या बनियनवर ६, ७, ८, ९ हे आकडे नसतात. कारण फाउल झाला की पंचाने टेबलाला खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवायचा असतो, आणि एका हाताला बोटं पाच. म्हणजे सचिनचा १० चालतो, रोहितचा ४५ चालतो, पण धोनी आणि विराट यांना तिकडच्या शाळेत नंबर बदलून घ्यावा लागला असता.

आता स्पर्धेची रचना. तुम्हाला ती पटकन कळेल, कारण आपण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं चढत गेलेलो आहोत. न्यू जर्सीत सरकारी शाळांचे पटसंख्येनुसार चार गट करतात. लहान शाळा पहिल्या गटात, सगळ्यात मोठ्या चौथ्या गटात. प्रत्येक गटाचे चार प्रादेशिक विभाग. हंगामातले साखळी सामने संपले की बाद फेरी सुरू होते. विभाग जिंकला की गटाची उपांत्य फेरी, मग गटाची अंतिम फेरी. खासगी शाळांचं वेगळं. १९८९ पासून २०२२ पर्यंत सगळ्या गटांच्या विजेत्यांची आणखी एक स्पर्धा व्हायची, राज्याचा एकच राजा ठरवायला. ती आता बंद केली.

ही बाद फेरी मार्चमध्ये संपते. 'मार्च मॅडनेस' हा शब्द तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. आज तो कॉलेजच्या स्पर्धेला वापरतात, पण मुळात तो इलिनॉय राज्यातल्या हायस्कूल स्पर्धेसाठी १९३९ साली छापून आला होता. शाळेच्या खेळाचं हे वेड म्हणजे काय, ते मला जर्सी सिटीतल्या सेंट अँथनी या शाळेमुळे कळलं. चर्चची छोटी शाळा, गरीब वस्तीतली मुलं, स्वतःचं जिमसुद्धा नाही. बॉब हर्ली नावाचे गृहस्थ तिथे प्रशिक्षक. नोकरी प्रोबेशन ऑफिसरची, म्हणजे कोर्टाने देखरेखीखाली सोडलेल्या माणसांवर लक्ष ठेवायची. त्यांनी या शाळेला राज्याची २८ विजेतेपदं मिळवून दिली आणि २०१० साली स्प्रिंगफिल्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. २०१७ साली पैशाअभावी शाळा बंद पडली. २८ विजेतेपदं आणि शाळा बंद! आपण आज इथे छपरासाठी वर्गणी गोळा करतोय म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता मुख्य गोष्टीकडे येण्याआधी एक तांत्रिक मुद्दा सांगावाच लागेल. शेवटच्या क्षणाला चेंडू मारला तर बास्केट धरायचं की नाही? नियम सोपा आहे. वेळ संपल्याचा भोंगा वाजण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असला की बास्केट धरायचं, मग तो हवेत असताना भोंगा वाजला तरी चालेल. नियम सोपा आहे, बघणं अवघड आहे. त्या क्षणी अख्खं जिम चेंडूकडे बघत असतं. आई-बाप, प्रशिक्षक, चिअरलीडर, पॉपकॉर्न विकणारी पोरं, सगळ्यांच्या माना वर. पंचाने मात्र वर बघायचं नाही. त्याने हाताकडे बघायचं, बोटांपासून चेंडू सुटतोय का ते, आणि कानाने भोंगा ऐकायचा. जिथे बोर्डाला लाल दिवे असतात तिथे तेही नजरेच्या कडेला ठेवायचे. चेंडू आत गेला की नाही हे त्याला गर्दीच्या आवाजावरून कळतं. हे तंत्र शिकायला मला दोन हंगाम लागले, कारण आयुष्यभर आपण चेंडूकडेच बघत आलेलो असतो.

आणि हे काम तिघांचं नसतं. तीन पंच असले तर टेबलाच्या समोरच्या बाजूला जो असेल त्याचं हे काम. बास्केटखाली उभा असलेला पंच त्या वेळी खांदे, कोपर, धक्काबुक्की बघत असतो. सामन्याआधी खोलीत बसून आम्ही हे वाटून घेतो: शेवटचा शॉट तुझा, नाहीतर माझा.

तर ५ मार्च २०२४. दुसऱ्या गटाची मुलांची उपांत्य फेरी. एका बाजूला कॅम्डेन, दुसऱ्या बाजूला मॅनस्क्वान. कॅम्डेन म्हणजे फिलाडेल्फियाच्या समोर, नदीच्या अलीकडचं गरीब शहर. वॉल्ट व्हिटमन आयुष्याच्या शेवटी तिथेच राहत होता. तिथल्या हायस्कूलचं बास्केटबॉल म्हणजे दंतकथा. त्या शाळेच्या एका मुलाने २००१ साली एकाच सामन्यात एकट्याने १०० गुण केले होते. मॅनस्क्वान हे समुद्रकाठचं छोटं गाव. कॅम्डेन ४६, मॅनस्क्वान ४५, आणि शेवटचे काही सेकंद. मॅनस्क्वानच्या मुलाचा लांबून मारलेला शॉट चुकला, दुसऱ्याने परत आलेला चेंडू पकडून तिथल्या तिथे वर टाकला, आत. भोंगा. पंचाने बास्केट धरलं. मॅनस्क्वानची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली.

मग पंच एकत्र आले, बोलले, आणि बास्केट रद्द केलं. कॅम्डेन ४६-४५ ने विजयी.

घरी पोचेपर्यंत त्याची चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर होती. चेंडू भोंग्याच्या आधी हातातून सुटलेला स्पष्ट दिसत होता. पहिला निर्णय बरोबर होता, बदललेला चुकीचा. संघटनेकडूनही चूक झाल्याचं मॅनस्क्वानला कळवण्यात आलं. पण निकाल बदलला नाही. कारण नियम असा की पंच मैदानाच्या नजरेच्या टप्प्यातून बाहेर पडले की त्यांचा अधिकार संपतो आणि निकाल कायम होतो. शिवाय चित्रफीत बघून निर्णय घ्यायची तिथे मुभा नव्हती. शाळा कोर्टात गेली, हाती काही लागलं नाही. शिक्षण आयुक्तांकडे गेली, त्यांनीही नकार दिला. कॅम्डेन अंतिम फेरी खेळलं. मॅनस्क्वानच्या बारावीच्या मुलांचं हायस्कूलचं बास्केटबॉल त्या रात्री संपलं.

माझी मुलगी तेव्हा बारावीतच होती, तिच्या शाळेच्या टीममध्ये. ती जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "बाबा, सगळ्यांना माहीत आहे की चूक झाली. चूक करणाऱ्यांनाही माहीत आहे. मग निकाल तोच कसा?" मी नियम सांगायला लागलो. ती म्हणाली, "नियम मला माहीत आहे. बरोबर आहे का ते विचारतेय." बायकोने माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढली, म्हणजे मदत मिळणार नव्हती.

मी तिला जे उत्तर दिलं ते दोन भागांत होतं, आणि दोन्ही भाग एकमेकांशी फार जमत नाहीत हे मला माहीत आहे.

पहिला भाग: कोर्टाने निकाल बदलला नाही ते बरं झालं. शेवटचा शॉट चुकला म्हणून निकाल बदलला, तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये न दिलेल्या फाउलचं काय? तोही चित्रफितीत दिसतो. मग ज्यांच्या पालकांत वकील जास्त ती शाळा जिंकेल. कॅम्डेनच्या पालकांत किती वकील असतील, सांगा बघू. खेळ मैदानावर संपला पाहिजे. 'निर्णय अंतिम' हे पंचाच्या मोठेपणासाठी लिहिलेलं नाही. पोरांना रात्री झोपता यावं, दुसऱ्या दिवशी शाळेत जाता यावं, म्हणून लिहिलेलं आहे.

दुसरा भाग: चित्रफीत बघू न देणं मला पटत नाही. तिथल्या राष्ट्रीय नियमपुस्तकातच अशी सोय आहे की राज्याच्या विजेतेपदाच्या स्पर्धेत, शेवटचा शॉट वेळेत होता की नाही एवढ्यापुरती चित्रफीत बघायला राज्य संघटना परवानगी देऊ शकते. फक्त तेवढंच, फाउल-बिउल काही नाही. दोन मिनिटांचं काम. आमच्यातल्या काही जुन्या पंचांना यात अपमान वाटतो. त्यांना मी डर्बनची गोष्ट सांगतो. नोव्हेंबर १९९२, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, टीव्ही बघून बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज. कोण? बरोबर, आपला सचिन, धावबाद. त्यावाचून मैदानावरच्या पंचाची पत गेली का? उलट त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी झालं. अमेरिकन पंचांना सचिन माहीत नसतो, त्यामुळे या दाखल्याचा तिथे उपयोग होत नाही. इथे होतोय हे बघून आनंद झाला.

मुलीला पहिला भाग पटला नाही. दुसरा पटला. आणि मग तिने असा प्रश्न विचारला, ज्यावर मी अजून विचार करतोय. "ज्याने बास्केट धरलं होतं त्याला दिसलं होतं ना? मग तो बदलला का?"

त्या तीन माणसांवर मी इथे बसून बोट दाखवणार नाही. मोठ्या सामन्याच्या शेवटी किती आवाज असतो, प्रशिक्षक कानाशी काय ओरडत असतात, ते मला माहीत आहे. मी माझ्यापुरतं सांगतो. आम्हाला शिकवतात की सहकाऱ्याचा निर्णय बदलायचा असेल तर तुमच्याकडे खात्रीची माहिती पाहिजे. वाटतंय, असावं, कदाचित, यातलं काही नाही. आणि नसेल तर एकच वाक्य बोलायचं: मला दिसलं नाही.

हे वाक्य दिसतं तेवढं सोपं नाही. पट्ट्यांचा शर्ट घातला की लोकांची अपेक्षा असते की याला सगळं दिसतं. आपल्यालाही हळूहळू तसं वाटायला लागतं. २०२३ मध्ये मुलींच्या विभागीय स्पर्धेत, पहिल्याच फेरीत मला हा प्रसंग आला. एका गुणाचा फरक, शेवटचा शॉट, समोरच्या बाजूच्या पंचाने बास्केट धरलं. हरलेल्या टीमचे प्रशिक्षक धावत आले, भोंगा आधी झाला म्हणून. मुख्य पंचाने आम्हाला एकत्र घेतलं. बास्केट धरणारा म्हणाला, "भोंग्याआधी सुटला, नक्की." मुख्य पंच माझ्याकडे वळले. मी बास्केटखाली होतो, माझे डोळे दोन मुलींच्या कोपरांवर होते. भोंगा मी ऐकला होता, आणि खरं सांगायचं तर मनात एक अंदाजही होता. मी म्हटलं, "मला दिसलं नाही." मुख्य पंच म्हणाले, "मलाही नाही." बास्केट कायम. दहा सेकंदांत संपलं.

नंतर पार्किंगमध्ये एक वडील फोन हातात धरून आले. आम्हाला गाडीपर्यंत सोडायला शाळेचा माणूस बरोबर असतो, तो मध्ये उभा राहिला. ते वडील ओरडत होते. आमच्या डोळ्यांचा, अकलेचा, आणि माझ्या बाबतीत मी कुठून आलो त्याचाही उद्धार झाला. मी गाडीत बसलो, काच वर केली. मागे त्यांची मुलगी उभी होती, युनिफॉर्मवर जाकीट घातलेली, आणि ती "डॅड, प्लीज" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. हरल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. लाज होती.

अशा संध्याकाळींमुळे माणसं सोडून जातात. २०१८-१९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या हायस्कूल खेळांतले सुमारे ५० हजार पंच काम सोडून गेले, असं तिथल्या राष्ट्रीय महासंघानेच जाहीर केलं. त्यात करोनाचाही वाटा आहे, पण पालकांचाही आहे. माझ्याबरोबर वर्गात बसलेले निम्मे लोक आता येत नाहीत. त्यातला एक तर एकोणीस वर्षांचा पोरगा होता, उत्तम नजर असलेला. सहावीच्या मुलांच्या सामन्यात एका आजोबांनी त्याला इतकं बोललं की तो परत आलाच नाही. मग शुक्रवारचे सामने मंगळवारी ढकलतात, मंगळवारचे रद्द होतात. आणि पोरी बोर्डवर चेंडू मारत बसतात.

आपले व्यायामाचे सर आज समोर बसले आहेत म्हणून एक जुनी गोष्ट काढतो. नववीत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत नेमलेले पंच एसटी चुकल्यामुळे आले नव्हते. आयोजकांनी सरांना विनंती केली आणि समोरच्या शाळेनेही मान्य केलं, कारण सरांबद्दल जिल्ह्यात तशी ख्याती होती. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले, नियम तोंडपाठ. आपण एका गुणाने पुढे होतो आणि दोन मिनिटं बाकी असताना सरांनी आपल्या कप्तानाला पाचवा फाउल दिला. बाहेर. आपण हरलो. परतीच्या टेंपोत कोणी सरांशी बोललं नाही. कप्तान तर आठवडाभर व्यायामाच्या तासाला वडाखाली बसून राहिला. तो कप्तानही आज इथे आहे, डावीकडच्या तिसऱ्या रांगेत, आणि काल रात्री जेवताना त्याने मला पुन्हा सांगितलं की फाउल नव्हता. छत्तीस वर्षं झाली.

मी काल सरांना विचारलं. म्हटलं, "सर, तो फाउल होता का?" सर म्हणाले, "मला दिसला, मी दिला. त्याच्या आधी याने दोनदा ढकललं होतं म्हणतात, ते मला दिसलं नाही, ते नाही दिलं." कप्तान बाजूलाच होता. तो म्हणाला, "ते दोन होते सर." यावर सर जे हसले ते तुम्ही बघायला हवं होतं.

खेळ शोधणाऱ्या जेम्स नेस्मिथने १८९१ साली पहिले १३ नियम लिहिले. त्यांतले दोन नियम पंचांबद्दल होते. एकाने माणसांवर नजर ठेवायची, दुसऱ्याने चेंडूवर. खेळ जन्मला तेव्हापासून एका माणसाला सगळं दिसणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आपल्या सरांना मात्र आपण एकट्याला उभं केलं होतं, तेही स्वतःच्या शाळेच्या सामन्याला, तेही फुकट.

म्हणून एक मागणी करतो आणि थांबतो. पुढच्या वर्षीपासून शाळेच्या नावाने आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धा भरवायची असं काल समितीत ठरलं. अंदाजपत्रक मी बघितलं. ट्रॉफ्या आहेत, मांडव आहे, पाहुण्यांचे नारळ-शाली आहेत, डीजेसुद्धा आहे. पंचांच्या नावापुढे फक्त 'चहा-नाश्ता' लिहिलंय. त्यांना मानधन द्या, प्रत्येक सामन्याला किमान दोन पंच द्या, आणि त्यांचा प्रवासखर्च आधी हातात ठेवा. एवढे पैसे कमी पडत असतील तर डीजे काढा. माझा वाटा मी त्याच नावाखाली लिहून दिलाय.

आणि बारा शिट्ट्या आणल्या आहेत, शाळेच्या ऑफिसात ठेवल्या आहेत. कॅनडातल्या रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या पंचाने बनवलेली ही 'फॉक्स ४०' शिट्टी. एका मोठ्या सामन्यात त्याच्या शिट्टीतला मणी अडकला, फाउल दिसला पण आवाजच निघाला नाही. मग त्याने मणी नसलेली शिट्टी तयार करून घेतली, १९८७ मध्ये ती आली. पहिली शिट्टी सरांना देतो. सर, वाजवून बघा, पण जरा लांब धरा, फार जोरात वाजते.

मागून खुणा चालू आहेत, चहा थांबलाय. नमस्कार.